विश्लेषण : उघडे मॅनहोल दिसले तर तक्रार कुणाकडे? अपघात झाल्यास भरपाई किती?

खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये भरपाई देण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी दिला. या निर्णयामुळे गल्लीतल्या एका साध्या तक्रारीला वेगळे वजन आले आहे. ते कसे?

२९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत मुसळधार पाऊस झाला. त्या दिवशी एक नामांकित पोटविकारतज्ज्ञ गाडीतून उतरून पाण्यातून चालत घराकडे निघाले आणि प्रभादेवी परिसरात उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीत सापडला. सात वर्षांनी, २५ सप्टेंबर २०२४ रोजी, अंधेरी पूर्वेला सीप्झजवळ ४५ वर्षांच्या एका महिलेचा उघड्या नाल्यात पडून मृत्यू झाला. ती जागा नेमकी कुणाच्या ताब्यात होती, यावरून नंतर महापालिका आणि मेट्रोच्या यंत्रणेने एकमेकांकडे बोट दाखवले. झाकण उघडे राहण्याइतकाच ‘ते आमचे नाही’ हा खेळही जीवघेणा ठरतो.

झाकण निघते कशामुळे?

याची मुख्य कारणे चार आहेत. पहिले कारण चोरीचे. ओतीव लोखंडाचे झाकण वजनदार असते आणि भंगारात त्याला भाव मिळतो. म्हणून अनेक ठिकाणी आता काँक्रीट किंवा फायबरमिश्रित झाकणे बसवली जातात. ती भंगारात विकून फारसे हाती लागत नाही.

दुसरे कारण पाण्याच्या दाबाचे. जमिनीखालची वाहिनी पूर्ण भरली की आतले पाणी वाट शोधत वर येते आणि झाकण उचलून बाजूला सारते. मुंबईतील ब्रिटिशकालीन पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी २५ मिलिमीटर पावसाची, तीही ओहोटीच्या वेळची होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पातून ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचे काम हाती घेण्यात आले. पाऊस त्यापेक्षा जोरदार असेल आणि समुद्राला भरती असेल, तर पाणी मागे फिरते आणि झाकणावरचा दाब वाढतो.

तिसरे कारण चुकीचे झाकण. भारतीय मानकांत झाकणांचे वजन पेलण्याच्या क्षमतेनुसार चार वर्ग आहेत : एलडी २.५, एमडी १०, एचडी २० आणि ईएचडी ३५. पुढचे आकडे टनांचे आहेत. पदपथासाठी असलेले हलके झाकण टँकर आणि डंपर जाणाऱ्या रस्त्यावर बसवले तर ते तडकणारच. रस्त्याचे डांबरीकरण वारंवार होऊन झाकण खोलात गेले किंवा चौकट सैल झाली, तरी चाकांच्या धक्क्याने ते हलू लागते. मॅनहोलचे झाकण बहुधा गोल असते, त्यामागेही सुरक्षेचा विचार आहे. चौकोनी झाकण कर्णाच्या दिशेने तिरके धरले तर भोकातून आत पडू शकते. गोल झाकण कसेही फिरवले तरी पडत नाही.

चौथे कारण आपल्याच हातातले. पाणी लवकर ओसरावे म्हणून रहिवासी किंवा दुकानदार स्वतः झाकण उघडतात. २०१७ च्या दुर्घटनेनंतर याच कारणावरून पोलिसांनी परिसरातील काही रहिवाशांवर कारवाई केली होती. गढूळ पाण्याखाली उघडे भोक दिसत नाही. एका गल्लीतले पाणी उतरते, पण तिथून जाणाऱ्या अनोळखी माणसासाठी तोच सापळा ठरतो.

झाकण कुणाचे, हे कसे ओळखायचे?

एकाच रस्त्यावर पर्जन्यजल, मलनिःसारण, पिण्याच्या पाण्याची झडप, दूरध्वनी आणि वीज अशा वेगवेगळ्या चेंबरची झाकणे असतात. मुंबईत पावसाचे पाणी आणि मैला वाहून नेणाऱ्या वाहिन्या स्वतंत्र आहेत आणि त्यांची देखभाल करणारे विभागही वेगळे आहेत. अनेक झाकणांवर यंत्रणेचे नाव किंवा आद्याक्षरे कोरलेली असतात. दुर्गंधी येत असेल तर ते मलनिःसारणाचे असण्याची शक्यता जास्त. पदपथाच्या कडेला, जाळीच्या रांगेत असेल तर ते पर्जन्यजलाचे असू शकते. रस्त्याचे किंवा मेट्रोचे काम सुरू असेल, तर तिथला कंत्राटदार आणि काम देणारी यंत्रणा हीसुद्धा जबाबदार ठरू शकते. कामाच्या ठिकाणच्या फलकावर ही माहिती मिळते.

मात्र झाकण कुणाचे हे शोधून काढणे नागरिकांचे काम नाही. नेमके माहीत नसेल तरी तक्रार थांबवू नये. गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील चेंबर आणि सेप्टिक टँकची झाकणे मात्र संस्थेनेच सांभाळायची असतात. आवारात मुले खेळत असतील तर पावसाळ्यापूर्वी ती एकदा तपासून घेणे गरजेचे आहे.

उच्च न्यायालयाने नेमके काय सांगितले?

खड्ड्यांच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली होती. न्यायमूर्ती गौतम पटेल यांचे पत्र त्यासाठी निमित्त ठरले. याच प्रकरणात न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने २०२५ मध्ये निर्णय दिला. चांगले आणि सुरक्षित रस्ते हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, अशी न्यायालयाची भूमिका आहे. निर्णयातील मुख्य मुद्दे असे :

• मृत्यू झाल्यास कायदेशीर वारसांना ६ लाख रुपये.
• जखमी झाल्यास दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये.
• दावा आल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत रक्कम द्यावी. विलंब झाल्यास वार्षिक ९ टक्के व्याज.
• रक्कम आधी संबंधित यंत्रणेने द्यावी आणि नंतर दोषी अधिकारी किंवा कंत्राटदाराकडून वसूल करावी.
• निदर्शनास आणून दिलेला खड्डा ४८ तासांत बुजवावा.

ही भरपाई इतर कायद्यांखाली मिळणाऱ्या भरपाईव्यतिरिक्त आहे. महापालिका आणि नगरपालिकांबरोबरच एमएमआरडीए, रस्ते विकास महामंडळ, म्हाडा आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांसारख्या यंत्रणांनाही हा निर्णय लागू आहे.

भरपाई कोण ठरवते?

महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीकडे हे काम आहे. नगरपालिकेत आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी असतात. वारसांनी किंवा जखमीने अर्ज करायचा असतो. अर्ज आला नाही तरी वृत्तपत्रातील बातमी किंवा अन्य माहितीवरून समिती स्वतःहून दखल घेऊ शकते. पोलिसांनीही अपघाताची माहिती समितीला कळवणे अपेक्षित आहे. त्यामुळे अपघात झाल्यावर पोलिसांत नोंद करणे, पंचनाम्यात ‘उघडे मॅनहोल’ किंवा ‘खड्डा’ असा स्पष्ट उल्लेख करून घेणे, रुग्णालयाची कागदपत्रे जपणे आणि जागेचे छायाचित्र काढणे महत्त्वाचे ठरते. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार फौजदारी गुन्हाही दाखल होऊ शकतो.

मग तक्रारीचे वजन का वाढले?

‘आम्हाला माहीतच नव्हते’ हा यंत्रणांचा नेहमीचा बचाव असतो. तक्रार क्रमांक हाती असेल तर तो बचाव टिकत नाही. कुणी कळवले, कधी कळवले आणि त्यानंतर किती वेळ काहीच झाले नाही, याची नोंद त्या क्रमांकाखाली तयार होते. पुढे दुर्दैवाने अपघात झाला, तर पीडित कुटुंबासाठी शेजाऱ्याची ती जुनी तक्रारच पुरावा ठरू शकते. म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून थांबणे पुरेसे नाही. ग्रुपवरच्या फोटोला तक्रार क्रमांक मिळत नाही.

तक्रार कशी करायची?

मुंबईत १९१६ हा महापालिकेचा मदत क्रमांक आहे. महापालिकेचे अॅप आणि विभाग कार्यालय हेही पर्याय आहेत. इतर शहरांत महापालिकेचे अॅप, क्षेत्रीय कार्यालय किंवा राज्य सरकारचे ‘आपले सरकार’ पोर्टल वापरता येते. तक्रारीत पाच गोष्टी असाव्यात :

१. नेमकी जागा : रस्त्याचे नाव, समोरच्या इमारतीचे किंवा दुकानाचे नाव, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक.
२. दोन छायाचित्रे : एक जवळून, एक आजूबाजूचा परिसर दिसेल असे. फोनमधील लोकेशन सुरू ठेवावे.
३. झाकण गायब आहे, तुटले आहे की हलते आहे, याचा स्पष्ट उल्लेख.
४. जवळ शाळा, बसथांबा, बाजार किंवा रुग्णालय असल्यास त्याची नोंद.
५. तारीख, वेळ आणि मिळालेला तक्रार क्रमांक.

तक्रार ‘निकाली’ दाखवली, पण काम झाले नाही, तर त्याच दिवशीचा नवा फोटो जोडून ती पुन्हा उघडण्याची मागणी करावी. त्यानंतर सहायक आयुक्तांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. लोकशाही दिनातही दाद मागता येते. माहिती अधिकारात त्या तक्रारीवर कोणत्या दिवशी, कुणी, काय कारवाई केली हे विचारता येते.

सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येते. पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती. मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध तिचाच आधार घेतला होता. पैसे नाहीत म्हणून नगरपालिकेला आपले मूलभूत कर्तव्य टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये त्या प्रकरणात स्पष्ट केले.

दुरुस्ती होईपर्यंत काय करावे, काय टाळावे?

उघड्या मॅनहोलभोवती ड्रम, टायर किंवा झाडाची फांदी लावून जागा लांबूनही दिसेल अशी करावी. आत दगड किंवा कचरा टाकू नये, त्याने वाहिनी तुंबते. डोकावू नये आणि जवळ काडी पेटवू नये. आत मिथेनसारखा ज्वलनशील वायू असू शकतो. कुणी आत पडले तर मागोमाग उतरू नये. हायड्रोजन सल्फाइडमुळे वाचवायला गेलेलाही काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो. अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर तातडीने कळवावे.

साचलेल्या पाण्यातून चालणे शक्यतो टाळावे. चालावेच लागले तर छत्रीने किंवा काठीने पुढची जमीन चाचपावी. पाण्यावर भोवरा दिसला तर तिथून दूर राहावे. आणि पाणी कितीही साचले तरी मॅनहोल स्वतः उघडू नये. ते काम महापालिकेच्या कर्मचाऱ्यांचे आहे आणि झाकण उघडे असेपर्यंत तिथे माणूस उभा ठेवणे ही जबाबदारीही त्यांचीच आहे. तसे दिसले नाही, तर तीही तक्रार १९१६ वर नोंदवता येते.