कार्यालय बघायला मुहूर्ताच्या दिवशी जा

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, पण पुण्यातल्या कार्यालयांच्या तारखा त्याच्या कितीतरी आधी भरलेल्या असतात. त्या घाईत घरची मंडळी एखाद्या निवांत दुपारी येतात, स्टेज बघतात, एसी बघतात, वधूपक्षाची खोली बघतात आणि ॲडव्हान्स देऊन मोकळी होतात. मी केटरिंगचा व्यवसाय करते. माझी कार्यालयाशी ओळख भटारखान्याच्या दारातून होते आणि तिथून जे दिसतं ते यजमानांनीही बघावं, असं मला मनापासून वाटतं.

रिकामं कार्यालय चांगलंच दिसतं. म्हणून मॅनेजरांना विचारून, दुसऱ्या कुणाचं लग्न चालू असताना ऐन जेवणाच्या वेळी जा. एका पंगतीला किती पानं बसतात, ते स्वतः मोजा. ‘800 माणसांचं कार्यालय’ म्हणतात तो आकडा बहुतेक वेळा लग्नाच्या हॉलमधल्या खुर्च्यांचा असतो. जेवणाच्या हॉलमध्ये 200 पानंच बसत असतील, तर चार पंगती उठवाव्या लागतील. वाढणं, जेवणं, टेबलं पुसणं धरून एका पंगतीला पाऊण तास लागतो. म्हणजे साडेबाराचा मुहूर्त असेल, तर घरची माणसं आणि विहिणींची शेवटची पंगत चारच्या सुमाराला उठणार. हॉल रिकामा करायची वेळही चारचीच असेल, तर नवरीच्या आईला दोन घास सुखाने खाता येणार नाहीत.

मग भटारखान्यात या. नळ सोडून बघा. पाणी टाकीचं की टँकरचं, ते विचारा. आणि फरशी बघा. उकळत्या आमटीचं पातेलं दोन माणसं कड्यांना धरून उचलतात, तेव्हा त्यांची नजर पातेल्यावर असते. मोरीकडे उतार नसेल, तर त्यांच्या पायाखाली पाणी साचतं. एक पाय घसरला की दोघंही भाजतात. वाढप्यांना जेवणाच्या हॉलमध्ये जायला वेगळं दार आहे का, तेही बघा. नसेल तर गरम वरणाची बादली आणि पाहुण्यांची लहान मुलं एकाच दारात समोरासमोर येतात.

दारांचा विषय इथेच संपत नाही. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातल्या डबवालीत, लग्नाच्या एका कार्यालयातल्या मांडवात शाळेचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि चारशेहून जास्त माणसं गेली. मांडव कृत्रिम कापडाचा होता आणि बाहेर पडायची वाट अपुरी. म्हणून हॉलची सगळी दारं उघडून बघा. मागच्या दाराला कुलूप आहे का? त्याच्यापुढे खुर्च्यांची चळत आहे का? महाराष्ट्राच्या 2006 च्या कायद्यानुसार आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र मालकाला दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ते दाखवा म्हणायला संकोच करू नका.

आजी-आजोबांसाठी लिफ्ट आणि जेवणाच्या मजल्यावरच स्वच्छतागृह हवं. लॉनवर रिसेप्शन असेल, तर रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही, हे धरूनच वेळ ठरवा.

पैशांचं बोलणं कागदावर उतरवून घ्या. भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. त्याशिवाय वीज मीटरप्रमाणे का, जनरेटरचं डिझेल कोणाचं, सफाईचे वेगळे पैसे किती, बाहेरचा केटरर आणि डेकोरेटर चालतो का, तारीख रद्द झाली तर किती परत मिळणार, डिपॉझिट कधी मिळणार, हे सगळं पावतीवर किंवा करारात आलं पाहिजे. वीज मीटरप्रमाणे असेल, तर ताबा घेताना आणि सोडताना रीडिंगचा फोटो काढून ठेवा.

जो मॅनेजर भटारखाना आणि मागचं दार आढेवेढे न घेता दाखवतो, त्याच्याकडे तारीख पक्की करा. जो टाळाटाळ करतो, त्याचं झुंबर कितीही देखणं असलं तरी पुढचं कार्यालय बघा.