शेजारच्या घरातील रहस्य

भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये दुपारच्या निवांत वेळी ‘कोझी मिस्टरी’ प्रथमच हाती घेणाऱ्या मराठी वाचकाची सुरुवातीस थोडी निराशाच होण्याचा संभव असतो. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय, झुंजार आणि काळा पहाड यांच्या संगतीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना वेषांतर, पाठलाग आणि पिस्तुलांचे बार यांची सवय जडलेली असते. येथे मात्र चहा, बागकाम आणि शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या यांतच कितीतरी पाने सरतात. खून होतो, पण रक्ताचे वर्णन टाळलेले असते. तपास करणारी व्यक्तीही बहुधा हौशीच असते.

अशा वाचकाने प्रारंभ अगाथा ख्रिस्ती यांच्या १९५० सालच्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ या कादंबरीने करावा. ‘कोझी’ हे नाव पुढे रूढ झाले असले, तरी त्या घराण्याची सारी लक्षणे तीत आढळतात. एका लहानशा इंग्रज गावाच्या साप्ताहिकात सूचना झळकते की, अमुक घरी सायंकाळी साडेसहा वाजता खून होणार आहे. हा काही पार्टीतला खेळ असावा, अशा समजुतीने शेजारीपाजारी नाना निमित्ते काढून तेथे जमतात. ठरल्या वेळी दिवे जातात आणि गोळ्या सुटतात.

विणकामात रमलेल्या वृद्ध मिस मार्पल यांचे या प्रकरणातील निरीक्षण मार्मिक आहे. पूर्वी गावात प्रत्येकाची कुळकथा सर्वांना ठाऊक असे. महायुद्धानंतर कोठून कोठून माणसे येऊन राहिली आणि त्यांच्याविषयी जे ते स्वतः सांगतील तेवढेच इतरांना कळू लागले. शेजारी म्हणून मान डोलावणारा मनुष्य खरोखर कोण, हाच कादंबरीचा गाभा आहे. खात्यासाठी छायाचित्र व पत्त्याचा पुरावा मागताच कपाळावर आठ्या घालणाऱ्या खातेदारांनी तर ती अवश्य वाचावी!

भिलाईच्या वाचकाला हा पेच परका वाटू नये. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. विदर्भ, बंगाल, केरळ, आंध्र, पंजाब अशा प्रांतोप्रांतींची माणसे एकाच नमुन्याच्या क्वार्टरांत भिंतीला भिंत लावून राहू लागली. पलीकडच्या बिऱ्हाडाचा पूर्वेतिहास म्हणजे त्यांनी सांगितला तेवढाच. तरीही मुले सांभाळायला आणि घराची किल्ली ठेवायला तेच शेजारी उपयोगी पडले. ख्रिस्तीबाई नेमक्या याच विश्वासाला धक्का देतात. म्हणून रक्तपाताची वर्णने न करता त्या वाचकाला अस्वस्थ करू शकतात.

शेवटचे पान आधी उघडण्याचा मोह मात्र आवरावा. पुढे सत्यजित राय यांच्या फेलूदाकडे वळता येईल. त्याच्या कथा मराठीत उपलब्ध आहेत. मूळ बंगालीतील प्रत हवी असल्यास ती भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातही सापडेल.