उतारवयातील प्रवास आणि डॅन्यूबचा जलमार्ग

जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्टच्या अरण्यात उगम पावून, दहा देशांना स्पर्श करीत, सुमारे २८५० किलोमीटरांची वाटचाल करून काळ्या समुद्रास मिळणारी डॅन्यूब नदी एके काळी रोमन साम्राज्याची सरहद्द होती, आणि पुढे अनेक शतके सैन्ये, मीठ, धान्य व इमारती लाकूड यांची वाहतूक तिच्याच पात्रातून होत असे. आज त्याच पात्रातून शंभर-दीडशे उतारू घेऊन जी छोटी जहाजे वसंतापासून शरदापर्यंत संथपणे ये-जा करतात, त्यांच्या गच्चीवर बसलेली माणसे पुष्कळशी साठी उलटलेली असतात. वृद्धांनी हा मार्ग पसंत करावा यात योगायोगाचा भाग थोडा असून नदीच्या स्वभावाचा भाग मोठा आहे. म्हणूनच परदेशप्रवासाची आस बाळगणाऱ्या आपल्याकडील ज्येष्ठांनीही त्याचा विचार अवश्य करावा, असे मला वाटते.

युरोपची सफर म्हटली की आपल्यापुढे बसचा प्रवास उभा राहतो. रोज पहाटे सामान बांधावयाचे, दिवसभर मजल मारावयाची, रात्री नव्या मुक्कामी नव्या खोलीचा दिवा कोठे आहे हे शोधावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, हा क्रम तिशीतील माणसाला जाचत नाही. परंतु ज्याचे गुडघे कुरकुरू लागले आहेत, ज्याला औषधांच्या वेळा सांभाळावयाच्या आहेत, त्याचे अर्धे बळ या उठाठेवीतच खर्ची पडते. नदीवरील जहाजात सामान एकदाच उघडले जाते. बिऱ्हाड जागचे न हलविता माणूस एका शहरात झोपतो आणि दुसऱ्या शहरात जागा होतो, आणि वाचलेली शक्ती प्रत्यक्ष पाहण्याच्या कामी येते.

या जहाजाचा आकार मालक ठरवीत नाही, नदी ठरविते. १९९२ साली पूर्ण झालेल्या १७१ किलोमीटर लांबीच्या माइन-डॅन्यूब कालव्याने ऱ्हाइन आणि डॅन्यूब ही दोन खोरी जोडली. त्या कालव्यातील लॉक केवळ १२ मीटर रुंद असल्यामुळे तेथून जाणाऱ्या जहाजाची रुंदी सुमारे ११.४ मीटरांच्या आणि लांबी १३५ मीटरांच्या पलीकडे सहसा जात नाही. लॉक म्हणजे दोन्ही टोकांस भक्कम दरवाजे असलेला पाण्याचा लांबोळका हौद. वरच्या पात्रातून जहाज आत आले की मागचा दरवाजा मिटतो, हौदातील पाणी हळूहळू खाली सोडले जाते, त्याबरोबर जहाजही अलगद उतरते, आणि पाणी खालच्या पात्राशी समपातळीत आले म्हणजे पुढचा दरवाजा उघडतो. जुन्या पुलांखालून जाताना तर कप्तानाची खोलीच खाली घेतली जाते आणि गच्चीवरील छत्र्या व कठडे आडवे केले जातात. अशा जहाजावर हजारो माणसांची गर्दी होऊच शकत नाही. दोन-तीन दिवसांत चेहरे ओळखीचे होतात, आणि कोणाला साखर वर्ज्य आहे, कोणाला हाताचा आधार लागतो, हे सेवकांच्याही ध्यानात राहते.

जलप्रवासाचे नाव निघताच मुंबईहून आगबोटीने कोकणात वा गोव्यात गेलेल्या जुन्या मंडळींना बोट लागण्याची आठवण होते, आणि जेथे धक्का नव्हता अशा बंदरांत आगबोटीतून पडावात उतरण्याचा तो कठीण प्रसंगही आठवतो. डॅन्यूबवर या दोहोंचे भय नाही. पात्रात समुद्राची लाट नसते, दोन्ही तीर सदैव दृष्टीस असतात, आणि जहाज बहुधा गावाला लागूनच उभे राहते.

नवख्या प्रवाशाने पासाऊ ते बुडापेस्ट हा सुमारे ५८० किलोमीटरांचा आठवड्याभराचा टप्पा निवडावा. पासाऊ येथे डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांचा संगम असून तेथील कॅथीड्रलमधील ऑर्गनला १७,९७४ नळ्या आहेत. बुडापेस्टपर्यंत अकरा लॉक लागतात. वाटेत ग्राइन गावाजवळील पात्र पूर्वी खडक आणि भोवरे यांमुळे नावाड्यांना धडकी भरविणारे होते. १९५९ साली इब्स-पर्झेनबॉइग येथील धरण पूर्ण झाले, पाणी वर चढले, आणि ते भय कायमचे बुडाले. पुढे मेल्क येथे १०८९ पासून बेनेडिक्टाइन साधूंचे वास्तव्य असलेला मठ कड्यावर उभा आहे. मेल्कपासून क्रेम्सपर्यंतचे वाखाऊ खोरे दिवसाउजेडी पाहावे: उतारावर दगडी बांध घालून केलेले द्राक्षमळे, जर्दाळूच्या बागा, आणि जेथे इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता त्या ड्युर्नस्टाइन किल्ल्याचे भग्नावशेष, हे सारे खुर्चीत बसल्या बसल्या डोळ्यांपुढून सरकत जाते. २००० साली युनेस्कोने या खोऱ्याचा जागतिक वारशात समावेश केला. त्यानंतर व्हिएन्ना, ब्राटिस्लाव्हा आणि अखेर बुडापेस्ट येते, जेथे नदीकाठच्या संसदभवनाचे दर्शन पाण्यावरूनच घ्यावे.

गुणांबरोबर दोषांचाही हिशेब मांडला पाहिजे. नदी कोणाची ताबेदार नाही: २०१३ च्या जूनमध्ये पासाऊत पुराचे पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढले, तर २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यांत पाणी इतके ओसरले की अनेक जहाजे अडून पडली. अशा वेळी प्रवाशांना बसने पुढे न्यावे लागते. ती शक्यता मनाशी धरूनच पैसे भरावेत. धक्क्यावर कित्येकदा दोन-तीन जहाजे एकमेकांस खेटून उभी राहतात आणि शेजारच्या जहाजातून वाट काढीत तीरावर जावे लागते. किनारा जवळ असल्याने जहाजावर बहुधा डॉक्टर नसतो. अनेक जहाजांची लिफ्ट सर्वांत खालच्या मजल्यापर्यंत पोहोचत नाही, आणि तेथील खोल्यांच्या खिडक्या उघडत नाहीत. जुन्या गावांतले रस्ते घडीव दगडांचे, चढउताराचे असतात. काठी जवळ असू द्यावी. एकट्या प्रवाशाकडून खोलीचे जादा भाडे घेण्याचा प्रघात आहे, तोही आधी विचारून घ्यावा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. परंतु पूर्वीपासूनचा मधुमेह वा हृदयविकार त्यात समाविष्ट आहे की नाही, हे दस्तऐवज वाचल्याखेरीज कळत नाही.

आईवडिलांना परदेश दाखविण्याची इच्छा आज पुष्कळ मुलामुलींच्या मनात असते आणि ऐपतही असते. त्यांना माझी विनंती एवढीच, की सहलीचा तक्ता हाती आला म्हणजे त्यात किती देश आणि किती शहरे आहेत हे मोजण्यापूर्वी खोली कोणत्या मजल्यावर आहे, लिफ्ट कोठवर जाते, हळू चालणाऱ्यांसाठी वेगळा गट व वाटाड्या आहे काय, आणि शाकाहारी जेवणाची तजवीज कशी आहे, हे चार प्रश्न आधी विचारावेत. आणि त्यांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर हा प्रवास पुढील वर्षावर ढकलू नये.