स्कूटीचं पेट्रोल आणि कॅशबॅकचं कार्ड

'ताई, पेट्रोलवर ४ टक्के परत!' कार्डवाला मुलगा असं म्हणाला की आपण लगेच खूश. पण मैत्रिणींनो, आधी हिशेबाची वही काढा. महिन्याला हजाराचं पेट्रोल, म्हणजे वर्षाला परत मिळाले ४८० रुपये. आणि कार्डाची फी ४९९ असली, तर १८ टक्के जीएसटी धरून गेले ५८९! पुन्हा बऱ्याच कार्डांवर १ टक्का सरचार्ज माफ होतो तो ४०० रुपयांच्या पुढच्या बिलावर. आपण भरतो दोनशेचं. एकाच कंपनीच्या पंपावर चालणारं कार्ड असेल, तर तो पंप आपल्या वाटेवर आहे का? बिल थकलं तर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, ते वेगळंच. हां, ह्यांच्या गाडीचं पेट्रोलही त्याच कार्डावर भरलं, तर मात्र गणित जमू शकतं. फक्त कॅशबॅकची महिन्याची मर्यादा किती, ते सही करण्याआधी विचारा.