मूळ वही आपल्यापाशीच बरी!

माझ्या सासूबाईंकडे लोणची, मसाले आणि फराळाच्या प्रमाणांची एक जुनी वही आहे. लाल पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली. एकदा शेजारच्या वहिनींनी ती 'दोन दिवसांसाठी' म्हणून नेली. परत आली ती तेलाचे डाग घेऊन. पण डागांचं एवढं काही नव्हतं. अनारशांच्या पानावर कुणीतरी गुळाचं प्रमाण खोडून आपल्या अंदाजाने वाढवून ठेवलं होतं. त्या दिवाळीत आमचे अनारसे तुपात पडताक्षणीच हसले आणि आम्ही सासू-सुना मात्र रडायच्या बेतात आलो!

तेव्हापासून सासूबाईंचा नियम ठरला : "वही कुणाला द्यायची नाही. हवी ती कृती उतरवून द्यायची."

नियम मला तोंडपाठ होता. तरीही गेल्या वर्षी मी तो मोडला. ती वही लोणच्यांची नव्हती, कॉम्प्युटरवरची होती, एवढाच काय तो फरक.

घडलं ते असं

मी एका शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते. नववीच्या वर्गशिक्षिका रजेवर गेल्या आणि सहामाहीचं निकालपत्रक करायचं काम माझ्याकडे आलं. मी हौसेने गूगल शीट्सवर छान तक्ता आखला. डावीकडे ४२ मुलांचे हजेरी क्रमांक आणि नावं, पुढे विषयवार रकाने, शेवटी बेरीज आणि टक्के. बेरीज आपोआप व्हावी म्हणून सूत्रंही घातली. आणि मग त्याची लिंक शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून दिली : 'आपापल्या विषयाचे गुण भरावेत.' सगळ्यांना सगळं बदलायची मुभा! मला वाटलं, काम किती सोपं झालं.

चार दिवसांत तक्ता भरला. मी एकेका मुलाची ओळ बघून प्रगतिपुस्तकं लिहिली, सह्या झाल्या, पुस्तकं घरोघरी गेली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ३९ नंबरची मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. म्हणाली, "बाई, मला गणितात ७४ होते. मी पेपर बघितला होता. पुस्तकात २१ आलेत." पेपर दाखवून झाल्यावर सरांनी परत घेतले होते, त्यामुळे तिच्या हातात पुरावा काही नव्हता. घरी तिने परोपरीने सांगितलं, पण वडील म्हणाले, "बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय ते खोटं, आणि तू खरी?" रात्री ती जेवली नव्हती. गणित जमत नसेल तर पुढच्या वर्षी मामाच्या दुकानात बसवू, इथवर बोलणं गेलं होतं.

मी तशीच उठले आणि तक्ता उघडला. या वेळी ओळ आडवी न वाचता गणिताचा रकाना वरून खाली वाचला, आणि पोटात गोळाच आला. १ नंबरला सर्वांत जास्त गुण, २ नंबरला त्याच्या खालोखाल, असं जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तसं ४२ पर्यंत. मुलं काय हजेरीच्या क्रमाने हुशार असतात?

गणिताच्या सरांनी वर्गात पहिलं कोण हे बघायला गणिताचा रकाना निवडून तो चढ-उताराने लावला होता. म्हणजे 'सॉर्ट' केला होता. पण निवडला होता फक्त तोच रकाना. त्यामुळे गुण हलले, नावं मात्र जागच्या जागी राहिली. बेरजेचं सूत्र बिचारं समोर येईल त्या आकड्याची बेरीज करत राहिलं. बेरीज बरोबर, आणि आकडाच परक्याचा! म्हणून कुणाला शंकाही आली नाही.

सर वयाने मोठे, सज्जन. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मनात आलं, चूक त्यांची. पण घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आख्खी वही हातात कुणी दिली?"

प्रत दिली की वही दिली?

मैत्रिणींनो, सगळा घोळ इथेच होतो. 'फाईल पाठवली' असं आपण सरसकट म्हणतो, पण पाठवण्याचे प्रकार दोन आहेत.

एक्सेलची फाईल व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलला जोडून पाठवली, तर समोरच्याला जाते ती झेरॉक्स. त्याने त्यात काहीही खोडलं तरी आपल्याकडची मूळ फाईल शाबूत राहते. गैरसोय ही की पाच जणांकडे पाच प्रती होतात आणि त्यातली ताजी कोणती, हे देवालाच ठाऊक.

लिंक पाठवली तर मात्र झेरॉक्स जात नाही. सगळे एकच वही उघडतात. तिथे कुणी एक आकडा बदलला की तो तुमच्याकडेही बदलला.

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन या दोघा अमेरिकनांनी 'व्हिसिकॅल्क' नावाचा असा पहिला लोकप्रिय तक्ता ॲपल टू या संगणकासाठी काढला, १९८५ साली एक्सेल आलं. तेव्हा तक्ता एका टेबलावरच्या एका यंत्रात असायचा. २००६ साली गूगलचा तक्ता आला आणि एकाच वहीत अनेकांना एकाच वेळी लिहिता येऊ लागलं. सोय मोठी झाली, तशी जबाबदारीही.

गूगल शीट्स वापरत असाल तर

१) लिंक पाठवण्यापूर्वी 'शेअर' दाबून बघा. समोरच्याला तीनपैकी एक अधिकार देता येतो : 'व्ह्यूअर' म्हणजे नुसतं बघणारा, 'कमेंटर' म्हणजे शेरा लिहू शकणारा, आणि 'एडिटर' म्हणजे बदल करू शकणारा. भिशीचा हिशेब, सोसायटीच्या वर्गणीची यादी, सहलीचा खर्च, असं काही नुसतं दाखवायचं असेल तर 'व्ह्यूअर' पुरे. 'लिंक असलेल्या कुणालाही' आणि वर 'एडिटर', ही जोडी म्हणजे घराला कुलूप न लावता गावाला जाणं!

२) समोरच्याला स्वतःचे आकडे भरून बघायचे असतील, तर आपल्या तक्त्याची प्रत द्या. त्यासाठी लिंकच्या शेवटी 'एडिट' हा इंग्रजी शब्द असतो, तिथपासून पुढचं सगळं काढून 'कॉपी' हा शब्द इंग्रजीत लिहा आणि मग ती पाठवा. समोरच्याला 'प्रत करायची का' असं विचारलं जातं आणि त्याची स्वतंत्र वही तयार होते. यासाठी त्याला निदान बघण्याचा अधिकार मात्र हवा.

३) सर्वांनी एकाच तक्त्यात लिहायचं असेल, तर रकाने वाटून द्या. संगणकावर 'डेटा' या यादीत 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस' आहे. तिथे रकाना निवडून त्यात कोण लिहू शकेल हे ठरवता येतं. आता माझ्या तक्त्यात गणिताच्या रकान्यात गणिताचेच सर लिहितात. नावांचा आणि बेरजेचा रकाना फक्त माझ्या हातात.

४) रकाना चढ-उताराने लावायचा तर आधी आपली प्रत करून घ्या : 'फाईल' आणि मग 'मेक अ कॉपी'. त्या प्रतीत हवा तेवढा खेळ करा.

५) सर्वांत महत्त्वाचं, म्हणजे 'फाईल' खालची 'व्हर्जन हिस्ट्री'. तक्ता कुठल्या दिवशी कसा होता आणि बदल कुणी केला, हे तिथे दिसतं. त्या मुलीचे ७४ मला तिथेच सापडले. पण एक सांभाळा. जुना तक्ता सरळ परत आणला तर त्यानंतर इतरांनी भरलेलं वर दिसेनासं होतं. म्हणून मी त्या जुन्या दिवसाच्या तक्त्याची वेगळी प्रत काढली, त्यातला गणिताचा रकाना आजच्या तक्त्यात आणला आणि ४२ उत्तरपत्रिकांशी एकेक आकडा ताडून पाहिला.

एक्सेल वापरत असाल तर

इथे 'रिव्ह्यू' या यादीत 'प्रोटेक्ट शीट' आहे. गंमत अशी की एक्सेलमधल्या सगळ्या चौकटींना कुलूप मुळातच लावलेलं असतं, पण 'प्रोटेक्ट शीट' केल्याशिवाय ते लागू होत नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा. इतरांनी ज्या चौकटींत लिहायचं आहे त्या आधी निवडा, 'फॉरमॅट सेल्स'मध्ये 'प्रोटेक्शन' उघडून 'लॉक्ड' समोरची खूण काढा, आणि मग शीटला संरक्षण द्या. म्हणजे रिकाम्या जागा लिहायला मोकळ्या आणि सूत्रं कडीकुलपात. त्याच यादीतल्या 'प्रोटेक्ट वर्कबुक'मुळे पानं काढणं, घालणं किंवा त्यांची नावं बदलणं थांबतं.

दर महिन्याला तोच तक्ता लागत असेल, तर तो 'टेम्प्लेट' म्हणून साठवा. त्यावर दोनदा टिचकी मारली की मूळ न उघडता नवी कोरी प्रत उघडते. मला तर हे साच्यासारखं वाटतं. करंज्या कितीही करा, साचा तसाच!

एक्सेलमध्ये एकच रकाना निवडून क्रम लावायला गेलं की ते सहसा विचारतं, शेजारचे रकानेही घ्यायचे का? तिथे 'एक्स्पांड द सिलेक्शन' हेच निवडा. घाईत दुसरं दाबलं तर माझ्यासारखी गत व्हायची.

कुलूप आणि तिजोरी यांतला फरक

वरची कुलपं ही चुकून लागणाऱ्या हातासाठी आहेत, मुद्दाम उघडणाऱ्यासाठी नाहीत. शीटचं संरक्षण असलं तरी आतलं वाचता येतं, वाचता आलं की उतरवूनही घेता येतं. रकाना किंवा पान 'लपवणं' म्हणजे तर डब्यावर फडकं टाकणं. म्हणून कुणाचे फोन नंबर, पगार, आजारपणाचा खर्च असं काही असेल तर लपवून पाठवू नका. लागतील तेवढेच रकाने नव्या फाईलमध्ये नुसते आकडे म्हणून उतरवा, म्हणजे 'पेस्ट स्पेशल'मधून 'व्हॅल्यूज', आणि ती नवी फाईल पाठवा. नुसतं वाचायला द्यायचं असेल तर पीडीएफ करून द्यावं, हे उत्तम.

खरी तिजोरी हवी तर एक्सेलमध्ये 'फाईल', 'इन्फो', 'प्रोटेक्ट वर्कबुक' या वाटेने जाऊन 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' करता येतं. मग पासवर्डशिवाय फाईल उघडतच नाही. पण पासवर्ड तुम्हीच विसरलात तर मायक्रोसॉफ्टवालेही तो काढून देत नाहीत! तो सुरक्षित जागी लिहून ठेवा आणि फाईलसोबत त्याच निरोपात पाठवू नका.

आणि हे सगळं केलं तरी मूळ फाईलची तारीख घातलेली एक प्रत वेगळ्या जागी, पेन ड्राइव्हवर म्हणा, ठेवाच.

शेवटी

सर्व प्रगतिपुस्तकं परत मागवून मी पुन्हा लिहिली. ३९ नंबरचं पुस्तक मात्र मुलीच्या हाती दिलं नाही. संध्याकाळी सरांना घेऊन तिच्या घरी गेले. सरांनी ७४ गुणांची उत्तरपत्रिका तिच्या वडिलांपुढे ठेवली. मी म्हटलं, "दादा, चूक आमची झाली. तुमची मुलगी खरं बोलत होती."

वडील बराच वेळ पेपर बघत राहिले. मग मुलीकडे न बघताच म्हणाले, "चहा ठेव बाईंना आणि सरांना." ती आत गेली. तिच्या आईने डोळ्याला पदर लावला. दुकानाचा विषय त्यानंतर निघाल्याचं मी ऐकलं नाही. आता ती दहावीत आहे.

चूक सुधारली, असं सगळे म्हणतात. पण आपल्या अक्षरावर विश्वास ठेवून एका बापाने स्वतःच्या मुलीला खोटं ठरवलं, ती एक रात्र मला कुठल्याही 'व्हर्जन हिस्ट्री'तून परत आणता येणार नाही.

म्हणून सांगते, लिंक पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा : मी कृती उतरवून देतेय, की वहीच देतेय?