१०७ गुण, आणि तरीही दुसरे

इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या पाचव्या श्रेणीत, म्हणजे नॅशनल लीगमध्ये, २०२२-२३च्या मोसमात नॉट्स काउंटीने ४६ सामन्यांत १०७ गुण मिळवले. हरले फक्त तीन सामने. या श्रेणीत तोवर कुणीही १०५च्या पुढे गेलं नव्हतं, म्हणजे आधीच्या कुठल्याही वर्षी एवढ्या गुणांवर त्यांनी विजेतेपद घेतलं असतं. पण त्या मोसमात रेक्सहॅमचे १११ झाले. नॉट्स काउंटी दुसरे आले, आणि या श्रेणीत दुसरं येणं म्हणजे थेट बढती न मिळणं. असं का, हे समजून घ्यायचं तर आधी रचना पाहायला हवी.

वर प्रीमियर लीग, २० संघांची. तिच्याखाली इंग्लिश फुटबॉल लीगच्या तीन श्रेणी, प्रत्येकी २४ संघांच्या. हे झाले ९२ क्लब. त्यानंतर नॅशनल लीग, तिथेही २४ संघ. अख्ख्या देशाची मिळून एकच स्पर्धा असलेली ही शेवटची श्रेणी. सहावीपासून उत्तर आणि दक्षिण असे भाग पडतात, कारण छोट्या क्लबांना लांबचा प्रवास परवडत नाही. पाचवीत मात्र तो करावाच लागतो. त्या मोसमात नैर्ऋत्य किनाऱ्यावरचं टॉर्की आणि ईशान्येचं गेट्सहेड एकाच गटात होते. रस्त्याने अंतर सुमारे सहाशे किलोमीटर.

प्रत्येक संघ उरलेल्या २३ संघांशी दोनदा खेळतो, एकदा घरी, एकदा बाहेर. ऑगस्टमध्ये सुरुवात, एप्रिलअखेर शेवट. सामने बहुतेक शनिवारी, आणि अधूनमधून मंगळवारी रात्री. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, गुण सारखे झाले तर गोलफरक. मधेच एफए कपचे सामने येतात. त्याच मोसमात रेक्सहॅमने तिसऱ्या फेरीत कॉव्हेंट्रीला, म्हणजे तीन श्रेणी वरच्या संघाला, त्यांच्याच मैदानावर ४-३ असं हरवलं होतं.

या २४ संघांत सगळेच पूर्णवेळ व्यावसायिक नसतात. नॉट्स काउंटी १८६२ सालचा, जगातला सर्वांत जुना व्यावसायिक क्लब. त्याच गटात डॉर्किंग वाँडरर्स, १९९९मध्ये मित्रांनी बागेतल्या मैदानावर सुरू केलेला संघ, जो एकेक पायरी चढत इथवर आला. त्याचा संस्थापक मार्क व्हाइट हाच तेव्हा मालक आणि हाच प्रशिक्षक होता. रेक्सहॅम तर वेल्सचा, १८६४चा. २०२१पासून त्याची मालकी रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेल्हेनी या दोन अभिनेत्यांकडे आली आणि जगभरचे प्रेक्षक या श्रेणीकडे पाहू लागले. त्यांचा पैसा कामी आला हे खरंच. पण पैशाने वरच्या श्रेणीत जाण्याचा दरवाजा रुंद होत नाही.

हा दरवाजा मुळात होताच कुठे? १९८६पर्यंत चौथ्या श्रेणीतल्या तळाच्या चार क्लबांचं भवितव्य मतदानाने ठरायचं आणि मतदार होते लीगमधलेच क्लब. जुने सहकारी एकमेकांना सांभाळून घेत. मैदानावर कितीही चांगलं खेळलं तरी खालच्या क्लबाला आत शिरणं जवळजवळ अशक्य होतं. १९८६-८७पासून पाचवीच्या विजेत्याला थेट बढती मिळू लागली. पहिला मान स्कारबरोचा, आणि खाली गेलं लिंकन सिटी. तरीही अट होती ती स्टेडियमची. किडरमिन्स्टर, मॅकल्सफील्ड आणि स्टीव्हनेज हे १९९४, १९९५ आणि १९९६चे विजेते. तिघांनाही मैदान निकषात बसत नाही म्हणून खालीच ठेवलं गेलं. २००२-०३पासून जागा दोन झाल्या, एक विजेत्याची, दुसरी प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरचे बाद सामने, जिंकणाऱ्याची. तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीत मात्र दर वर्षी चार क्लबांची अदलाबदल होते. नॅशनल लीगचे क्लब आता तिसरी जागा मागत आहेत, आणि माझ्या मते ती मागणी रास्त आहे.

रेक्सहॅमला विचारा. २०११-१२मध्ये ९८ गुण मिळवून ते दुसरे आले आणि प्लेऑफमध्ये ल्यूटनकडून बाद झाले. २०२२मध्ये पुन्हा दुसरे, आणि उपांत्य सामन्यात घरच्या मैदानावर ग्रिम्सबीकडून ५-४ असे हरले. २००८मध्ये खाली आलेला हा क्लब पंधरा वर्षं इथेच अडकून होता.

म्हणूनच १० एप्रिल २०२३चा सामना एवढा मोलाचा होता. दोघांचेही १०० गुण, रेक्सहॅमच्या हातात एक सामना जास्त, आणि नॉट्स काउंटी रेक्सहॅमच्या रेसकोर्स मैदानावर आलेले. मध्यंतराआधी जॉन बोस्टॉकच्या फ्री किकवर पाहुणे पुढे गेले. पॉल मलिनने बरोबरी साधली, जेकब मेंडीने आघाडी दिली, कायल कॅमेरनने ती पुसली, एलियट लीने पुन्हा मिळवून दिली. ३-२. आणि भरपाईच्या वेळेत नॉट्स काउंटीला पेनल्टी. रेक्सहॅमच्या गोलमध्ये बेन फॉस्टर होता. इंग्लंडकडून खेळलेला हा गोलरक्षक निवृत्त झाला होता, दुखापतींमुळे अडचणीत आलेल्या क्लबने त्याला मार्चमध्ये परत बोलावलं होतं. आठवड्यापूर्वीच त्याला चाळीस वर्षं पूर्ण झाली होती. सेड्विन स्कॉटची ती पेनल्टी त्याने झेपावून अडवली. गोल झाला असता तर दोघांना एकेक गुण मिळाला असता. अडवल्यामुळे रेक्सहॅमला तीन मिळाले, नॉट्स काउंटीला शून्य. २२ एप्रिलला बोरम वुडला ३-१ हरवून रेक्सहॅमने विजेतेपद पक्कं केलं.

आता प्लेऑफ. चौथा विरुद्ध सातवा, पाचवा विरुद्ध सहावा, एकेकच सामना. जिंकणारे दोघे दुसऱ्या आणि तिसऱ्या संघाच्या मैदानावर उपांत्य सामना खेळतात. अंतिम सामना वेम्बलीवर. दुसऱ्याला मिळतो तो एवढाच फायदा, एक फेरी कमी आणि घरचं मैदान. नऊ महिन्यांची कमाई इथे शून्य होते. उपांत्य सामन्यात बोरम वुड मध्यंतराला २-० पुढे होतं, नॉट्स काउंटीहून तिसाहून जास्त गुणांनी मागे असलेला संघ! एडन बॉल्डविनने दोन गोल केले, त्यातला दुसरा भरपाईच्या वेळेत, आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी जोडी जोन्सने सामना जिंकून दिला. अंतिम सामन्यात चेस्टरफील्डविरुद्ध नॉट्स काउंटी दोनदा पिछाडीवरून परत आले. शूटआउटसाठी खास बदली गोलरक्षक आणला, आर्ची मेअर, आणि ४-३ने सुटका झाली. निर्णायक पेनल्टी त्याच सेड्विन स्कॉटने मारली.

तळाला चार जागा घसरणीच्या. त्या मोसमात त्यात मेडस्टोन, टॉर्की, येओव्हिल आणि स्कंथॉर्प. येओव्हिल २०१३-१४मध्ये दुसऱ्या श्रेणीत खेळत होतं. स्कंथॉर्प २०११पर्यंत तिथेच होतं, क्रिकेटपटू इयन बोथम एकेकाळी ज्याच्याकडून फुटबॉल खेळला तोच हा क्लब. आदल्या वर्षी चौथीतून पाचवीत, आता पाचवीतून सहावीत, सलग दोन घसरणी.

वेम्बलीवर हरलेलं चेस्टरफील्ड तिसऱ्या क्रमांकावर होतं, नॉट्स काउंटीहून २३ गुणांनी मागे. त्यांनी शूटआउट जिंकलं असतं तर नियमाप्रमाणे वर तेच गेले असते. ऑगस्टमध्ये त्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली. २०२३-२४मध्ये त्यांनी ९८ गुण मिळवले. रेक्सहॅमला एकदा जेवढे पुरले नव्हते, बरोबर तेवढेच. या वेळी तेवढे विजेतेपदाला पुरले, आणि ते तर मार्चमध्येच पक्कं झालं होतं.