अंशाअंशाने सोडलेली वीज

परभणीच्या मे महिन्यात पंखा हळू करायची वेळ क्वचितच येते. पण सलग फिरणाऱ्या बटणाचा रेग्युलेटर जरा मागे घेतला, की काही पंखे बारीक गुणगुणू लागतात. विजेची प्रत्येक अर्धी लाट थोडी उशिरा आत घेतली जात असते, त्याचा तो आवाज.

जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं दार हवं तिथे अर्ध्यावर थांबवता येतं. रेग्युलेटरमध्ये विजेचं दार असतो तो थायरिस्टरच्या जातीचा अर्धवाहक स्विच; त्याला ती सोय नाही. त्याच्या गेटला, म्हणजे नियंत्रणाच्या टोकाला, स्पंद मिळाला की तो पूर्ण उघडतो आणि प्रवाह शून्यावर येईपर्यंत मिटत नाही. आपल्या हाती उरते ती फक्त उघडण्याची वेळ. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते. एका आवर्तनाचे 360 अंश धरले, तर एक अंश म्हणजे सुमारे 56 मायक्रोसेकंद. स्पंद किती अंश उशिरा द्यायचा, तोच फायरिंग अँगल. थायरिस्टरांनी एसीची डीसी करणाऱ्या पूर्ण नियंत्रित कन्व्हर्टरमध्ये प्रवाह अखंड असेल, तर 60 अंशांवर सरासरी डीसी दाब निम्मा होतो, 90 वर शून्य. त्यापुढे दाब उलटतो आणि वीज डीसीकडून एसीकडे वाहू लागते. यंत्र तेच, स्पंद तेवढा उशिरा. मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

महाराष्ट्रात हे भव्य प्रमाणात चालतं ते चंद्रपूर–पडघे वाहिनीवर: 752 किलोमीटर, 500 किलोव्होल्टचे दोन ध्रुव, 1500 मेगावॅट, 1999 पासून. चंद्रपूरला एसीची डीसी होते, पडघ्याला पुन्हा एसी.

पण अंश मोजायचे कुठून? लांबच्या फीडरवर पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज कसं बसतं, हे परभणीच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. अशा अशक्त जाळ्यात लाट वेडीवाकडी होते. पूर्वी प्रत्येक थायरिस्टरची वेळ त्याच्याच फेजच्या लाटेवरून ठरे. लाट बिघडली की स्पंद चुकत आणि चुकलेले स्पंद लाट आणखी बिघडवत. 1968 मध्ये जॉन एन्सवर्थ या इंग्रज अभियंत्याने उपाय मांडला: समान अंतराने स्पंद देणारा स्वतंत्र ऑसिलेटर ठेवायचा आणि त्याची गती हळूहळू जाळ्याशी जुळवत राहायची. बारा स्पंदांच्या कन्व्हर्टरमध्ये दोन स्पंदांत नेमके 30 अंश.

पडघ्यासारख्या टोकाला मात्र उशीरही बेताचाच चालतो. मिटलेल्या थायरिस्टरला दाब पुन्हा सुलट होण्याआधी सावरायला काही अंश लागतात. ते मिळाले नाहीत, तर तो नको तेव्हा पुन्हा वाहू लागतो आणि डीसी बाजू क्षणभर शॉर्ट होते.